एका सहीचे राज्य

जुलै १९३८मध्ये कुवेतचे शासक शेख अहमद अल-जाबिर अल-सबाह यांच्यापुढे पाच कलमांचा एक कागद ठेवण्यात आला. सत्तेचा उगम लोकांत आहे आणि ती त्यांनी निवडलेल्या मंडळामार्फत चालेल, असे पहिले कलम सांगत होते. अर्थसंकल्प, न्याय, सुरक्षा, शिक्षण, आरोग्य या विषयांचे कायदे मंडळ करील, असे दुसरे कलम होते. तिसऱ्या कलमानुसार कोणतीही मक्तेदारी, कोणतीही सवलत, परक्या सत्तेशी केलेला कोणताही तह मंडळाच्या मंजुरीवाचून कायदेशीर ठरणार नव्हता. अपिलाचे न्यायालय उभे राहीपर्यंत ते कामही मंडळानेच पाहायचे होते, आणि शेवटचे कलम मंडळाच्या अध्यक्षाकडे राज्यकारभाराची सूत्रे देत होते. शेखांनी काही दिवस चालढकल केली, मग सही केली. बुरगानच्या वाळूखाली तेल लागून तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

ब्रिटिश दप्तरांत ही घटना वेगळ्या रूपात येते. लंडनचे इंडिया ऑफिस, दिल्ली-सिमल्याचे सरकार, इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसणारा रेसिडेंट आणि खुद्द कुवेतमधला पोलिटिकल एजंट यांच्या पत्रव्यवहारात प्रश्न असा मांडला जातो: हा शेख एकट्याच्या लहरीने कारभार करतो, लोक अस्वस्थ आहेत, शेजारचा इराक त्या अस्वस्थतेला खतपाणी घालतो आहे, तर शेखला एखादे मंडळ नेमण्याचा नुसता सल्ला द्यावा, आग्रह धरावा, की सरळ भाग पाडावे? या चर्चेत भाग घेणारी माणसे मूर्ख नव्हती, आणि सगळीच दुष्ट होती असेही मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या काहींना कुवेतच्या लोकांविषयी खरी कळकळ होती. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्नच अपुरा होता, असे माझे म्हणणे आहे. शेखवर अंकुश कसा बसवायचा हे ते विचारत राहिले. अंकुश मुळात होता की नाही, आणि असेल तर तो कोणी काढून टाकला, हे त्यांनी विचारले नाही. ते विचारले असते तर उत्तर त्यांना स्वतःच्याच कपाटात सापडले असते.

म्हणून आधी १९१०कडे जायला हवे. त्या काळचे कुवेत मोत्यांवर, जहाजांवर आणि वाळवंटातल्या व्यापारावर जगणारे बंदर होते. अल-सबाह घराणे राज्य करी, पण राज्य चालवायला लागणारा पैसा व्यापाऱ्यांकडून येई. मोती काढणाऱ्या गलबतांचे मालक, मुंबई आणि बसऱ्याला माल नेणारे नाखवे आणि सावकार हे शासकाचे आश्रित नव्हते. शासकच बऱ्याच अंशी त्यांच्या आश्रयाने उभा होता. शेख मुबारक यांनी १९१०मध्ये लढाईसाठी माणसे हवीत म्हणून मोती काढायला जाणाऱ्यांना अडवले आणि कर वाढवले, तेव्हा हिलाल अल-मुतैरी, शमलान बिन अली आणि इब्राहिम अल-मुधफ या तीन बड्या मोती-व्यापाऱ्यांनी गाशा गुंडाळला आणि ते कुवेत सोडून गेले. त्यांच्यामागे गलबते जाणार, खलाशी जाणार, जकात जाणार. मुबारक हे सौम्य गृहस्थ नव्हते. १८९६मध्ये दोन सावत्र भावांना ठार करून ते गादीवर आले होते. तरीही त्यांना नमते घ्यावे लागले, जाचक कर मागे घ्यावे लागले आणि रुसलेल्या व्यापाऱ्यांची मनधरणी करावी लागली.

याला कोणी लोकशाही म्हणणार नाही. मोती काढणाऱ्या पाणबुड्यांना, गुलामांना, स्त्रियांना या देवाणघेवाणीत कुठेच जागा नव्हती. पाणबुडा तर आयुष्यभर मालकाच्या कर्जात बुडालेला असे आणि बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. पण शासकाला जाब विचारण्याची एक पद्धत त्या गावात होती, आणि तिच्यामागे खरी ताकद होती. पैसा देणारा निघून जाऊ शकत होता. १९२१मध्ये तेव्हाचे शासक शेख सालिम वारले, तेव्हा गावातल्या प्रतिष्ठितांनी नव्या शासकापुढे, म्हणजे शेख अहमद यांच्यापुढे, अट ठेवली की कारभार सल्लामसलतीने चालेल. बारा जणांचे एक मंडळ स्थापन झाले. ते काही महिन्यांतच विरून गेले, पण मागणी कुठून आली हे लक्षात ठेवायला हवे. ती कुवेतच्या दिवाणखान्यांतून आली. मजलिसची, म्हणजे अशा सल्लागार मंडळाची, कल्पना कुवेतला शिकवायला कोणी परदेशी शिक्षक आला नव्हता.

मग ही ताकद गेली कुठे? त्याचे उत्तर तीन-चार सह्यांमध्ये आहे.

पहिली सही २३ जानेवारी १८९९ची. मुबारक आणि बुशहरचे रेसिडेंट माल्कम मीड यांच्यातला तो करार गुप्त होता. ब्रिटिशांच्या परवानगीवाचून कोणत्याही परक्या सत्तेचा प्रतिनिधी ठेवायचा नाही, आपल्या मुलखाचा कोणताही भाग विकायचा, भाड्याने किंवा गहाण द्यायचा नाही, असे बंधन मुबारक यांनी स्वतःवर, वारसांवर आणि पुढे येणाऱ्या शासकांवर घालून घेतले. त्याबदल्यात त्यांना पंधरा हजार रुपये मिळाले. रुपये, कारण आखाताचे चलनच हिंदुस्थानचे होते. करार कुवेतच्या लोकांशी नव्हता, कुवेतच्या कोणत्या संस्थेशीही नव्हता. तो एका माणसाशी होता. दुसरी सही १९१३ची, तीही मुबारक यांचीच: ब्रिटिश सरकार सांगेल त्याखेरीज कोणालाही तेलाची सवलत देणार नाही, असे वचन त्यांनी एका पत्रात दिले. तेल आहे की नाही हे कोणाला ठाऊक नव्हते, पण ते कोणाच्या सहीने दिले जाईल हे ठरून गेले.

तिसरी सही १९२२ सालच्या उकैरच्या बैठकीतली, आणि तिथे तर यापुढचे पाऊल पडले. इराक, नज्द आणि कुवेत यांच्या सीमा ठरवायला ब्रिटिश अधिकारी सर पर्सी कॉक्स यांनी नज्दचे शासक अब्दुल अझीझ इब्न सौद यांना बोलावले. कुवेतचे शासक त्या बैठकीला नव्हते. त्यांची बाजू कुवेतमधले ब्रिटिश एजंट मेजर मोर मांडणार होते. कॉक्स यांनी नकाशावर रेघ ओढली आणि कुवेत आपला समजत असलेल्या प्रदेशाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग इब्न सौद यांच्याकडे गेला. शेख अहमद यांना ते नंतर कळवण्यात आले. एका माणसाची सही म्हणजे राज्य असे एकदा मान्य केले, की त्या माणसाच्या वतीने दुसऱ्याने सही करण्याचा मार्गही मोकळा होतो. ज्याच्याशी करार केला त्याचे रक्षण करू असे सांगणाऱ्यांनीच हे केले, आणि ही जखम शेख अहमद आयुष्यभर विसरले नाहीत. त्यांच्याबद्दल मी पुढे कठोर लिहिणार आहे, म्हणून हे आधी सांगतो.

चौथी सही डिसेंबर १९३४ची. ब्रिटनची अँग्लो-पर्शियन ऑइल आणि अमेरिकेची गल्फ ऑइल यांनी निम्म्या-निम्म्या भागीत काढलेल्या कुवेत ऑइल कंपनीला सगळ्या कुवेतची तेलाची सवलत पंचाहत्तर वर्षांसाठी देण्यात आली. सही होताच पावणेपाच लाख रुपये, पुढे तेल निघू लागले की टनामागे तीन रुपये. शेख अहमद यांनी दोन्ही कंपन्यांना एकमेकींविरुद्ध खेळवत बरीच चांगली घासाघीस केली होती, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण पैसे कोणाकडे आले? कंपनीने ते शेखला दिले. शासकाचा खासगी खजिना आणि राज्याचा खजिना यांच्यात भेद करणारी संस्था कुवेतमध्ये नव्हती, आणि ती असावी असे कंपनीलाही वाटत नव्हते.

ही रक्कम कोणत्या दिवसांत आली ते पाहा. जपानच्या कृत्रिम मोत्यांनी आणि जागतिक मंदीने मोत्यांचा बाजार बसला होता. मुंबईच्या मोतीबाजारात ज्या मोत्यांना एके काळी हवा तो भाव येई, ते विकले जाईनात. इब्न सौद यांनी बरीच वर्षे कुवेतशी व्यापार रोखून धरला होता, त्यामुळे वाळवंटातले गिऱ्हाईकही तुटले. म्हणजे ज्यांच्या पैशावर शासक अवलंबून असे ते व्यापारी खचत होते, आणि नेमक्या त्याच वेळी शासकाला त्यांच्याकडे हात पसरण्याची गरज उरली नाही. १९१०मध्ये गाव सोडून जाण्याची धमकी चालली. १९३५मध्ये कोणी गेला असता तर शेखचे काय अडले असते? ब्रिटिश अधिकाऱ्यांना १९३८मध्ये दिसलेला बेबंद शासक आधीच्या चाळीस वर्षांत असा घडत गेला. लगाम आपणच सोडायचा आणि घोडा उधळल्यावर तो पुन्हा कसा बांधावा याची चर्चा करायची, असे ते झाले.

१९३८च्या वसंतात कुवेतच्या भिंतींवर घोषणा दिसू लागल्या, पत्रके फिरू लागली. बगदादचा तरुण राजा गाझी आपल्या राजवाड्यातल्या रेडिओवरून शेखवर टीका करी आणि कुवेत इराकचाच भाग असल्याचे सांगे. शेखच्या माणसांनी मुहम्मद अल-बर्राक नावाच्या एका माणसाला फटके मारले, तेव्हा गाव हादरले. एजंट जेराल्ड द गॉरी यांना धोका दिसला, रेसिडेंट ट्रेंचर्ड फाउल यांनाही दिसला. शेखने लोकांना कारभारात घ्यावे या बाजूने त्यांनी वजन टाकले, आणि जूनमध्ये व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींनी लेखी मागणी केली तेव्हा शेखला ती मान्य करावी लागली. दीडशे घराण्यांच्या प्रमुखांनी चौदा जण निवडले. अध्यक्ष म्हणून शेख अब्दुल्ला अल-सालिम आले. ते शासकाचे चुलतभाऊ, वारलेल्या शेख सालिम यांचे पुत्र. पहिल्या परिच्छेदातला कागद याच मंडळाने तयार केला.

ब्रिटिशांना नेमके काय हवे होते हे कळायला त्यांची भीती समजून घ्यावी लागते. इराक कुवेत गिळेल ही भीती खरी होती. असंतोष वाढला तर तो ब्रिटनविरोधी होईल हीही खरी होती. मंडळ आले तर असंतोषाला वाट मिळेल, शेख सुधारेल, आणि दोन्ही गोष्टींचे श्रेय ब्रिटिश सल्ल्याला मिळेल, असा हिशेब होता. भाग पाडण्याला ज्यांचा विरोध होता त्यांचेही म्हणणे वजनदार होते. आपण शेखला संरक्षणाचे वचन दिले आहे, तो आपला मांडलिक नोकर नाही. आणि मंडळ आपण बसवले तर त्याच्या प्रत्येक चुकीची जबाबदारी आपल्यावर येईल. मला या दुसऱ्या मताबद्दल काहीसा आदर वाटतो. त्यात निदान आपल्या अधिकाराच्या मर्यादेची जाणीव आहे. मात्र दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती: मंडळ बसो वा न बसो, बाहेरच्या जगाशी कुवेतच्या वतीने बोलणारा माणूस एकच राहील आणि तो शेखच असेल.

मंडळाने पहिल्या काही महिन्यांत जे केले ते थक्क करणारे आहे. मोत्यांच्या धंद्यावरचे जाचक कर आणि निर्यातीवरची जकात काढली. मक्तेदाऱ्या रद्द केल्या. जकातीच्या कामाला शिस्त लावली, न्यायाच्या व्यवस्थेत फेरफार केले, शाळा काढल्या, पोलीस उभे केले. शेखचा सर्वशक्तिमान सचिव मुल्ला सालिह याला दूर व्हावे लागले. तोपर्यंत ब्रिटिशांना अडचण नव्हती. करांची सुधारणा, शाळा, पोलीस या गोष्टी कोणत्याही रेसिडेंटच्या वार्षिक अहवालात शोभून दिसणाऱ्या होत्या. अडचण तिसऱ्या कलमाने आली. परराष्ट्र व्यवहार शेखशीच होईल, मंडळाशी नाही, असे ब्रिटिशांनी स्पष्ट केले. शरद ऋतूत मंडळाने तेलाच्या पैशाकडे हात नेला. कंपनीची रक्कम राज्याच्या खजिन्यात यावी, हे त्यांचे म्हणणे होते. या क्षणापासून मंडळाचे ब्रिटिश मित्र कमी होत गेले.

मंडळ निर्दोष नव्हते, आणि त्याचे दोष लपवणे म्हणजे त्या चौदा माणसांचा अपमान करणे होय. ते सुन्नी व्यापारी घराण्यांचे मंडळ होते. कुवेतच्या शिया लोकांचा एकही प्रतिनिधी त्यात नव्हता, आणि त्यांनी सय्यद महदी अल-कझ्वीनी यांच्या नेतृत्वाखाली निषेध केला. हजारो शियांनी ब्रिटिश एजन्सीकडे ब्रिटिश प्रजाजन होण्यासाठी अर्ज केले. ज्या मंडळाने सत्तेचा उगम लोकांत आहे असे लिहिले, त्या मंडळाच्या भीतीने लोक परक्या सत्तेच्या दारात उभे राहिले, ही गोष्ट गंभीर आहे. मंडळातल्या काहींची इराककडे उघड ओढ होती. पण हे दोष वाढत्या संस्थेचे होते. मतदार दीडशेचे चारशे होऊ शकत होते, आणि पुढे झालेही. वगळलेले आत येऊ शकत होते. संस्था जिवंत राहिली तर दोषांवर भांडता येते.

ती राहिली नाही. डिसेंबर १९३८मध्ये शेखने आपले घराणे आणि बेदुइन टोळ्या एकत्र केल्या. मंडळाचे लोक नाईफच्या किल्ल्यात, शस्त्रागारात जाऊन बसले. रक्तपाताच्या आधीच त्यांनी शरणागती पत्करली आणि मंडळ बरखास्त झाले. ब्रिटिशांनी ते वाचवण्यासाठी बोट उचलले नाही. मग नव्याने निवडणूक झाली. या वेळी चारशे मतदार, वीस जागा, आणि निवडून कोण आले? आधीच्या चौदांपैकी बारा जण परत आले. शेखने शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवणारा मसुदा पुढे केला, नव्या मंडळाने तो नाकारला, आणि मार्च १९३९मध्ये तेही बरखास्त झाले. त्यानंतरच्या झटापटीत मुहम्मद अल-कतामी गोळीने मारले गेले, मुहम्मद अल-मुनैयिस यांना देहदंड देण्यात आला. काही सदस्य इराकला निसटले, काही १९४४पर्यंत तुरुंगात राहिले. याची जबाबदारी शेख अहमद यांचीच आहे. उकैरची जखम आणि इराकची धास्ती यांनी ती कमी होत नाही.

सही एकाचीच असावी हा आग्रह कुवेतपुरता होता का, हे तपासायला बहारीन आणि मस्कत पाहावे लागतात. बहारीनमध्ये मे १९२३मध्ये ब्रिटिशांनी वृद्ध शेख ईसा यांना कारभारातून बाजूला केले आणि सूत्रे त्यांचे पुत्र हमद यांच्याकडे दिली. त्या बदलामागे खरे अन्याय होते. बहारीनचे शिया शेतकरी पिढ्यान् पिढ्या जुलूम सोसत होते, त्यांनी ब्रिटिशांचे स्वागत केले, आणि पाणबुड्यांच्या कर्जाबाबत पुढे झालेल्या सुधारणा चांगल्याच होत्या. पण त्याच वर्षी अब्दुल वहाब अल-झय्यानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक परिषद भरवून लोकांचे सल्लागार मंडळ मागितले, तेव्हा झय्यानी आणि अहमद बिन लाहिज यांना अटक करून हिंदुस्थानात हद्दपार करण्यात आले. झय्यानी १९२५मध्ये मुंबईत वारले. म्हणजे आखातातल्या मंडळाच्या मागणीचा एक आरंभीचा बळी आपल्याच शहराच्या मातीत विसावला आहे, आणि मुंबईला त्याची आठवण नाही, याचे मला वाईट वाटते. मंडळाऐवजी बहारीनला १९२६मध्ये चार्ल्स बेलग्रेव्ह हे सल्लागार मिळाले आणि ते एकतीस वर्षे राहिले. १९३८मध्ये तिथल्या तरुणांनी पुन्हा मंडळ मागितले, आणि पुन्हा त्यांच्या नेत्यांना हिंदुस्थानची वाट दाखवण्यात आली.

मस्कतची गोष्ट उलटी. तिथे १९२०मध्ये सुलतान तैमूर बिन फैसल यांच्यासाठी मंत्र्यांचे मंडळ ब्रिटिशांच्याच पुढाकाराने आले. सुलतानाला राज्य नकोसे झाले होते, तिजोरीवर कर्ज होते, आणि आतल्या मुलखातल्या इबाधी इमामाशी झगडा नुकताच सीबच्या करारात संपला होता. हे मंडळ कोणत्याही लोकांनी मागितले नव्हते आणि लोकांना उत्तरदायी नव्हते. कर्जाची परतफेड व्हावी, जकात नीट गोळा व्हावी, सुलतान परदेशी असताना कोणीतरी जागेवर असावे, एवढाच त्याचा हेतू. पुढे बर्ट्रम थॉमस हे इंग्रज अधिकारी त्यात अर्थमंत्री झाले. रुब अल-खालीचे वाळवंट पार करणारे तेच थॉमस. तैमूर यांनी १९३२मध्ये गादी मुलाकडे सोपवली, आयुष्याचा बराच काळ हिंदुस्थानात काढला आणि १९६५मध्ये मुंबईतच देह ठेवला.

मस्कतमध्ये मंडळ बसवले, बहारीनमध्ये मागणाऱ्यांना हद्दपार केले, कुवेतमध्ये आधी पाठिंबा दिला आणि मग सोडून दिले. वरवर यात विसंगती दिसते. पण साम्राज्य दर वेळी एकच गोष्ट पाहत होते. करारावर, सवलतीवर, सीमेवर सही करणारा हात एकच असावा आणि तो ओळखीचा असावा. त्या हाताला मदत करणारे मंडळ चालेल. त्या हाताला अडवणारे मंडळ चालणार नाही, मग ते बाहेरून लादलेले असो की गावातून उगवलेले. अरब प्रजा अजून परिपक्व नव्हती, हे कारण तेव्हा सांगितले गेले आणि आजही अधूनमधून ऐकू येते. पण पहिले मंडळ मोडल्यावर दोनच आठवड्यांच्या आसपास त्याच बारा जणांना पुन्हा निवडून देणारे मतदार अपरिपक्व म्हणता येत नाहीत. त्यांना काय हवे ते त्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्याकडच्या वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही. फाउल हे हिंदुस्थानच्या राजकीय सेवेतले होते, आणि याच सेवेतले अधिकारी आपल्या संस्थानांत रेसिडेंट आणि एजंट म्हणून बसत. १९३८-३९च्या त्याच हिवाळ्यात राजकोटच्या ठाकोरांनी वल्लभभाईंशी सुधारणा समितीचा करार केला आणि ब्रिटिश रेसिडेंटच्या दबावाखाली तो मोडला, ज्यावरून मार्च १९३९मध्ये गांधीजींना उपोषण करावे लागले. साताऱ्याजवळच्या औंधात मात्र बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९मध्ये आपणहून राज्यघटनेवर सही करून आपले अधिकार गावपंचायतींपासून वर जाणाऱ्या व्यवस्थेला दिले. औंध लहान होते, तिथे तेल नव्हते, मोत्याचे बंदर नव्हते. पण माझ्या मते खरा फरक वेगळाच आहे. औंधच्या राजाने आपली सही लोकांच्या हाती देण्यासाठी वापरली, आणि ती परत मागितली नाही. शेख अहमद यांना असे करता आले असते का? त्यांच्यामागे १८९९चा करार होता, समोर तेल कंपनी होती, शेजारी गाझीचा रेडिओ होता. तरी मला वाटते, अवघड असले तरी अशक्य नव्हते. तिसऱ्या कलमावर त्यांनी स्वतः सही केलीच होती.

या प्रकरणाचा पुढचा भाग इतिहासकार बहुतेक थोडक्यात उरकतात, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शेख अहमद १९५०मध्ये वारले आणि गादीवर आले शेख अब्दुल्ला अल-सालिम, १९३८च्या मंडळाचे अध्यक्ष. जून १९६१मध्ये १८९९चा करार रद्द होऊन कुवेत स्वतंत्र झाले. घटना करण्यासाठी निवडलेली सभा बसली, नोव्हेंबर १९६२मध्ये घटना जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय सभेची पहिली निवडणूक झाली. त्या घटनेचे सहावे कलम सार्वभौमत्व राष्ट्रात ठेवते. सत्तराव्या कलमानुसार राज्याच्या भूमीशी किंवा नैसर्गिक संपत्तीशी संबंधित तह कायदा केल्यावाचून अमलात येत नाहीत. एकशे बावन्नावे कलम नैसर्गिक संपत्तीची कोणतीही सवलत कायद्याने आणि मर्यादित मुदतीसाठीच देता येईल असे म्हणते. १९३८च्या तिसऱ्या कलमात जे होते तेच चोवीस वर्षांनी, अधिक नेमक्या भाषेत, परत आले. लिहून घेणारे कोणी इंग्रज नव्हते. तेच अब्दुल्ला होते ज्यांच्या डोळ्यांदेखत ते मंडळ मोडले गेले होते, आणि या वेळी शासक म्हणून सही त्यांचीच होती.

राष्ट्रीय सभेच्या वाट्याला शांत आयुष्य आले नाही. १९७६मध्ये आणि १९८६मध्ये ती बरखास्त करून घटनेची काही कलमे स्थगित झाली. मे २०२४मध्ये अमीर शेख मिशाल यांनी ती पुन्हा बरखास्त केली आणि घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित ठेवली. सभेतली भांडणे, सरकारांचे वारंवार पडणे, अडकलेले निर्णय ही त्यांची कारणे खोटी नाहीत, आणि कुवेतच्या अनेक नागरिकांनाही त्या गोंधळाचा कंटाळा आला होता. पण १९३८चे मंडळ बुडवतानाही गोंधळच पुढे केला गेला होता. आता तिथे रेसिडेंट नाही, एजंट नाही, कोणावर काही लादायला बाहेरचे कोणी नाही. तेलाच्या सवलतीवर आणि देशाच्या पैशावर कोणाची सही लागेल, हे ठरवायला फक्त कुवेतचे लोक आणि त्यांचे शासक उरले आहेत. १९२१ साली सल्लामसलतीची अट घालायला बसलेली माणसेही तीच होती.